बाहेरून लावलेली कडी

"मी मरतो! सर, पहिला मी मरतो!"

"तू गप रे! मागच्या वर्षी मेलास आणि मेल्या मेल्या नाक खाजवलंस. सगळं मैदान हसलं होतं!"

"मग मुंगी चावली तर काय करू?"

"मेलेल्या माणसाला मुंगी चावत नाही, गाढवा!"

शाळेला सुट्टी लागली होती, तरी त्या सकाळी गावातली निम्मी पोरं शाळेच्या हॉलमध्ये जमली होती आणि कोणी आधी मरायचं यावरून हमरीतुमरीवर आली होती. विजयदिन तोंडावर आला होता. दरवर्षी त्या दिवशी नदीकाठच्या जुन्या पंपघरासमोर नाटक व्हायचं. नाटकात नऊ जवान मरायचे आणि मरणाऱ्यांना सर्वांत जास्त टाळ्या पडायच्या. त्यामुळे मरणाला गिऱ्हाईक खूप!

पीटीच्या सरांनी शिट्टी फुंकली. "कप्तान धरून नऊ जवान झाले. आता राहिला पळपुटा मिस्त्री."

कोणी हात वर केला नाही. करायची गरजही नव्हती, कारण सगळ्या माना आपोआप खारकडे वळल्या होत्या.

खार म्हणजे बारा वर्षांची एक काडीपैलवान मुलगी. झाड म्हणू नका, भिंत म्हणू नका, दिसेल त्यावर सरसर चढायची, म्हणून तिला खार म्हणत. पण आज तिच्याकडे पाहण्याचं कारण वेगळं होतं. ज्याला सगळं गाव पळपुटा म्हणत होतं तो पंपघराचा मिस्त्री म्हणजे तिचे सख्खे आजोबा. नाटकातलं हे एकच काम घराण्यात चालत आलेलं होतं. तिच्या बाबांनी लहानपणी ते केलं होतं. मिस्त्री रंगमंचावर आला की लोकांनी त्याला मातीची ढेकळं मारायची, अशी रीतच पडली होती. एका ढेकळात दगड निघाला. बाबांच्या भुवईवरची खूण अजून दिसते.

"सर, यंदा दुसऱ्या कोणाला द्या ना," हातोडी म्हणाली. ही खारची जिवलग मैत्रीण. लोहाराची मुलगी, आणि बोलणं घणाचे घाव घातल्यासारखं.

"अगं, पण ते काम त्यांच्या घरातलंच आहे!" सर म्हणाले. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. माणूस वाईट नव्हता. त्याने कधी विचारच केला नव्हता.

खार म्हणाली, "करते मी."

तेवढ्यात स्मारक समितीचे अध्यक्ष आत आले. लाकडाच्या वखारीचे मालक, भारदस्त मिशा, आणि आवाज असा की माइक बंद पडला तरी फरक पडू नये. "मुलांनो, यंदा आनंदाची बातमी! पंपघराच्या भिंतीत आपण काळ्या दगडाची पाटी बसवतोय. वर नऊ वीरांची नावं. खाली एक ओळ. 'पंपघराच्या मिस्त्रीने बाहेरून कडी लावून पळ काढला.' पुढच्या पिढ्यांना कळायला नको, शूर कोण आणि भ्याड कोण? आता ही काळ्या दगडावरची रेघ! हजार वर्षं पुसायची नाही!"

पोरांनी टाळ्या वाजवल्या. खारचा धाकटा भाऊ नेहमी तिच्या मागे मागे असायचा म्हणून त्याला शेपूट म्हणत. त्यालाही यंदा मरायचं काम मिळालं होतं. सगळे वाजवतात म्हणून त्यानेही टाळ्या वाजवल्या, मग ताईचं तोंड पाहून हात पाठीमागे लपवले.

खारला वाटलं, ढेकळं परवडली. ढेकूळ फुटतं, अंग धुतलं की माती जाते. पण दगडावरची ओळ? उद्या तिची मुलं, त्यांची मुलं त्या भिंतीसमोरून जातील आणि ती ओळ वाचतील. आणि आजोबा? ते तर अजून जिवंत होते!

---

दुसऱ्या दिवशी पंपघरासमोर तालीम सुरू झाली.

पंपघर म्हणजे दगडी, बसकी खोली. पंप केव्हाच काढून नेलेला. मागच्या बाजूला नदी, पुढे मैदान, आणि मैदानापलीकडे गाव. पुढच्या दाराला जाड लोखंडी पत्रा, त्यावर गोळ्यांच्या खोलगट खुणा, आणि मधोमध एक सरकती कडी. लांबलांबून सहली यायच्या त्या याच दारासमोर फोटो काढायला.

पोपट कप्तान झाला होता. हा अध्यक्षांचा पुतण्या. एकदा ऐकलेलं भाषण जन्मभर विसरत नसे. तो छाती काढून म्हणायला लागला, "आपला देश तेव्हा अवघा तीन वर्षांचा होता! शत्रू नदी ओलांडून आला! गावाचं पाणी राखायला पंपघरात नऊ जवान होते! रात्रभर ते लढले! पण हाय! पहाटे पळपुट्या मिस्त्रीने बाहेरून कडी लावली आणि तो गावाकडे पळाला! वाघ पिंजऱ्यात अडकले! तरीही ते शेवटच्या श्वासापर्यंत..."

"शेवटच्या श्वासाला जरा थांब," सर म्हणाले. "आधी कडी. मिस्त्री, चल, लाव!"

खार दाराशी गेली. कडी धरून ओढली. ढिम्म हलली नाही. दोन्ही हातांनी ओढली, पाय भिंतीला लावून ओढली. दरवर्षी विजयदिनाआधी दाराला रंग देत, आणि रंगाचे थरावर थर चढून कडी पत्र्याला पार चिकटून गेली होती.

"अगं, खरी कशाला ओढतेस? नुसता अभिनय कर. आजपर्यंत सगळ्यांनी अभिनयच केलाय."

"म्हणजे ही कडी इतकी वर्षं कोणीच हलवून पाहिली नाही?" हातोडीने विचारलं.

"स्मारक आहे ते! हलवायचं कशाला?"

हातोडीने खारकडे पाहिलं. लोहाराच्या मुलीला न हलणारी कडी दाखवणं म्हणजे मांजराला झाकलेलं दूध दाखवणं. "दुपारी ये," ती कुजबुजली. "रॉकेल आणते."

दुपारी पंपघराचा रखवालदार जेवून आडवा झाला होता. त्याच्या घोरण्यावर लक्ष ठेवायला शेपटाला बसवलं. "घोरणं थांबलं की खोक," खार म्हणाली.

"आणि मला खरंच खोकला आला तर?"

"तर गिळ!"

पोपटही आला होता. "काकांना कळलं तर माझी कातडी सोलतील," असं दर दोन मिनिटांनी म्हणत होता आणि तेवढ्याच उत्साहाने रंग खरवडत होता. हातोडीने कडीच्या दोन्ही टोकांना रॉकेल सोडलं, वाट पाहिली, मग लाकडाच्या ठोकळ्याने हळूहळू ठोकलं. कडी करकरली. एक बोट सरकली. मग आणखी.

"लाव आता," हातोडी म्हणाली. "तू मिस्त्री ना? लाव!"

खारने कडी जोरात सरकवली. ठक्! कडीचं टोक चौकटीच्या दगडावर आपटलं आणि तिथेच थांबलं.

"पूर्ण लाव ना."

"हीच पूर्ण आहे! पुढे भोकच नाही!"

तिघांनी डोकी एकत्र घातली. खरंच, कडी जिथे आत शिरायला हवी तिथे सपाट, अखंड दगड होता. बुजवलेलं नाही, सिमेंट नाही, काही नाही. कडी होती, पण कडीला घर नव्हतं!

"मग तुझ्या आजोबांनी कडी लावली कशात? हवेत?" पोपट म्हणाला.

हातोडी मात्र चौकटीवर नाक टेकवून काहीतरी पाहत होती. "इकडे बघा. याच दगडात वर एक आणि खाली एक, लोखंडाचे तुकडे आहेत. कापून टाकलेले. ही बिजागरीची जागा आहे. दार आधी या बाजूला टांगलेलं होतं!"

"मग कडी?"

"कडी समोरच्या बाजूला लागत असणार." ती उठली आणि दार उघडून आत शिरली. समोरच्या चौकटीला आतल्या बाजूने हात फिरवला आणि ओरडली, "सापडलं!"

दगडात एक गोल भोक होतं. आत धूळ भरलेली, पण कडा घासून घासून गुळगुळीत झालेल्या. तिथे वर्षानुवर्षं एक कडी जात-येत होती. पण ते भोक आत होतं, पंपघराच्या आत!

"पोपट, हात दे," हातोडी म्हणाली. तिने त्याचा पंजा उभा धरला. "हा हात म्हणजे दार. तळहात आत, पाठ बाहेर. कडी तळहातावर. म्हणजे कडी आतून लागते. आता कोणीतरी दार काढलं, फिरवलं आणि उलटं टांगलं. तळहात बाहेर आला, कडीही बाहेर आली. मूळ कडी बाहेर नव्हतीच!"

"बाहेरून कडी लावताच येत नव्हती," खार म्हणाली. मग तिने तेच पुन्हा म्हटलं, अजून मोठ्याने. तेवढ्यात शेपूट जिवाच्या आकांताने खोकला आणि चौघांनी धूम ठोकली.

---

"हो, फिरवलंय की," हातोडीचे बाबा म्हणाले आणि तापलेलं लोखंड पाण्यात बुडवलं. चर्र आवाज झाला. "लढाईनंतर समितीने माझ्या वडिलांना बोलावलं होतं. गोळ्यांच्या खुणा आतल्या बाजूला होत्या, दार लावलं की लोकांना दिसायच्या नाहीत. म्हणून दार उलटं बसवायला सांगितलं. मी एवढासा होतो, कंदील धरून उभा होतो."

"आणि बाबा, तुम्ही हे कोणाला सांगितलं नाही?" हातोडीचा आवाज चढला.

"त्यात सांगण्यासारखं काय? दार ते दार." ते घण उचलायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. "कडीची गोष्ट तेव्हा कुठे होती? ती मागाहून निघाली. राजधानीतून कोणी मोठे पाहुणे आले होते. दार पाहून भाषणात म्हणाले, 'कडी बाहेरून दिसते, म्हणजे कोणीतरी विश्वासघात केला असणार!' दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं. मिस्त्रीला त्या पहाटे गावाकडे पळताना लोकांनी पाहिलंच होतं. मग काय, दोन्ही गोष्टी जुळल्या." त्यांनी खारकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "मी कधी जोडूनच पाहिलं नाही, पोरी."

मुलं तशीच धापा टाकत वखारीत गेली. अध्यक्षांनी निम्मं ऐकलं. "कडी? भोक? लहान तोंडी मोठा घास! दगड कोरून तयार आहे, पाहुण्यांना निमंत्रणं गेली आहेत. नऊ मातांपैकी आता एकच उरलीय, तिला आणायला गाडी जाणार आहे. तिच्यासमोर तुम्ही हा तमाशा करणार? पोपट, तू घरी चल, मग बघतो तुझ्याकडे!"

पोपटाचा चेहरा पडला. पण जाता जाता तो खारच्या कानाशी लागला. "नाटकात कडी खरीच लाव. मैदानभर लोक असतील. काका सगळ्यांची कातडी नाही सोलू शकत!"

खार उड्या मारत घरी आली. आजोबा मागच्या खोलीत एका शिवणयंत्रात तेल घालत होते. पंपघरावरची नोकरी गेल्यावर ते हेच करत. लोक यंत्रं पाठवत, पण पोरांच्या हाती. स्वतः उंबऱ्यात कोणी येत नसे.

"आजोबा! दार उलटं बसवलंय! कडी आतली आहे! तुम्ही ती लावलीच नव्हती!"

"मला माहीत आहे," आजोबा म्हणाले.

खारची उडी अर्ध्यातच राहिली. "मग... मग तुम्ही बोलला का नाहीत? बाबांना ढेकळं मारली तेव्हा तरी?"

आजोबांनी तेलाची कुपी खाली ठेवली. हात पुसले, बोटं एकेक करून पुसली. "बस. मला सांग, गोळ्यांच्या खुणा दाराच्या कुठल्या बाजूवर आहेत?"

"आतल्या. तळहातावर."

"दार बंद असेल तर बाहेरून झाडलेली गोळी आतल्या बाजूला लागेल?"

"नाही. म्हणजे दार उघडं होतं! पूर्ण उघडून भिंतीला टेकलेलं. मग तळहात बाहेर येतो..." तिने स्वतःचा हात फिरवून पाहिला. तळहात समोर आला. समोर म्हणजे मैदान आणि मैदानापलीकडे गाव. शत्रू तर मागे होता, नदीकडे. तिचा हात तसाच हवेत राहिला. "आजोबा, गोळ्या गावाकडून आल्या?"

आजोबांनी होकारार्थी मान हलवली.

"शत्रू पहाटेच नदीपलीकडे परत गेला होता. धुकं इतकं दाट, की हाताचं बोट दिसू नये. कप्तान मला म्हणाला, 'गावात आपली तुकडी पोचली असेल. धावत जा आणि सांग, पंपघर आपल्याच ताब्यात आहे, आम्ही बाहेर येतोय.' मी धावलो. लोकांनी मला धावताना पाहिलं ते खरंच आहे. पण आपली तुकडी नाल्याच्या वाटेने निघाली होती. धुक्यात आमची चुकामूक झाली. त्यांना कोणी सांगितलं होतं, पंपघर शत्रूने घेतलंय. दार उघडलं, धुक्यातून माणसं बाहेर आली, आणि त्यांनी..." त्यांनी तेलाची कुपी उगाच सरळ केली. "आवाज ऐकून मी मागे फिरलो. सगळे दाराशी पडलेले. सर्वांत पुढे एक पोरगा होता, मिसरूडही नीट फुटलेलं नव्हतं. पाठीला पिशवी बांधलेली."

खारला रडू फुटलं. "तुम्ही सांगायचं होतं!"

"सांगणार होतो. मग नऊ आया आल्या. मैदानात बसून राहिल्या. लोक त्यांना म्हणत होते, तुमची मुलं शत्रूला मारता मारता गेली. त्यांच्या हाती तेवढंच होतं. मी काय सांगू? तुमच्या मुलांना आपल्याच मुलांनी मारलं? मी म्हटलं, मला पळपुटा म्हणतायत तर म्हणू देत. कडीची गोष्ट निघाली तेव्हा फार उशीर झाला होता."

"आणि आता ती दगडावरची ओळ?"

आजोबांनी तिला जवळ घेतलं. "तुला अडवणार नाही मी. माझ्यापायी तुझ्या बाबाच्या भुवईवर दगड बसला, तुझ्यावर बसू देणार नाही. पण खारुटले, दार उघडं होतं एवढं म्हटलंस की पुढचा प्रश्न येणार. तो विचारणारी एकच बाई उरली आहे. एवढं लक्षात ठेव."

खारला त्या दिवशी जेवण गेलं नाही. तिने पुढची गोष्ट हातोडीलाही सांगितली नाही, पोपटालाही नाही. कडीचं तेवढं सांगायचं, असं तिने ठरवलं. आजोबांचं नाव सुटेल, बाकीचं झाकलेलं राहील. कोणाला कळणार आहे?

---

विजयदिनाला मैदान फुलून गेलं होतं. पहिल्या रांगेत पाहुणे, मधल्या खुर्चीवर एक सुरकुतलेली म्हातारी. नऊ मातांपैकी शेवटची. गळ्यातला हार तिला जड होत होता. भिंतीत पांढऱ्या कापडाखाली काळा दगड वाट पाहत होता. आणि सगळ्यांच्या मागे, झाडाला टेकून, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आजोबा उभे होते.

पोपटाने लांबलचक भाषण ठोकलं. नऊ जवान आत गेले. मग मिस्त्री आला. पहिलं ढेकूळ खारच्या खांद्यावर फुटलं, दुसरं कानशिलावर. तिने डोळे मिटले नाहीत. ती दाराशी गेली, कडी धरली आणि सर्व ताकदीनिशी सरकवली.

ठक्!

"लागत नाही!" ती ओरडली. परत सरकवली. ठक्! "लागत नाही बघा! कडीला भोकच नाही!"

आतून नऊ जवानांनी दार ढकललं. दार सताड उघडलं आणि शेपूट तोंडावर आपटला. काही लोक हसले. सर शिट्टी फुंकत धावले. पण हातोडी आधीच मधे येऊन उभी राहिली होती. तिने पाहुण्यांच्या पुढ्यात उभं राहून सगळं सांगितलं. कापलेली बिजागरी, आतलं भोक, फिरवलेलं दार. "खोटं वाटत असेल तर येऊन बोट घालून बघा!"

"बाजूला व्हा, कार्ट्यांनो!" अध्यक्ष गरजले.

"पोरं खरं बोलतायत," मागून आवाज आला. लोहार उभा राहिला होता. "दार माझ्या वडिलांनी फिरवलं. समितीच्या सांगण्यावरून. मी कंदील धरला होता."

मैदानात कुजबुज पसरली. एक पाहुणे उठले, चौकटीपाशी गेले, आत बोट घातलं आणि भुवया उंचावल्या. दुसरेही गेले. कोणीतरी म्हणालं, "म्हणजे मिस्त्रीने कडी लावलीच नाही की!" ज्यांच्या हातात ढेकळं होती त्यांनी ती हळूच खाली टाकली आणि हात झटकले.

अध्यक्षांची चांगलीच पंचाईत झाली. पण माणूस मोठा हुशार! त्यांनी माइक ओढला. त्यांचा आवाज आता गहिवरला होता. "बंधूंनो! या मुलांनी आज आपले डोळे उघडले! दार बंद नव्हतं! दार उघडं होतं! म्हणजे आपले नऊ वीर पळू शकत होते! पण पळाले नाहीत! उघड्या दारासमोर उभं राहून त्यांनी मरण निवडलं! घर नको, आई नको, फक्त देश! याहून मोठं शौर्य जगात कुठे आहे? नवा दगड कोरू, त्यावर हेच लिहू! आणि या बालवीरांचा सत्कार करू!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. हातोडी आणि पोपट एकमेकांच्या गळ्यात पडले. सरांनी शेपटाला खांद्यावर घेतलं. कोणी आजोबांचा हात धरून त्यांना पुढे आणत होतं. कालपर्यंत ज्यांनी उंबरा ओलांडला नव्हता ते त्यांच्या पाठीवर थाप मारत होते. खारला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. आजोबांचं नाव सुटलं होतं.

आणि मग तिला पहिली रांग दिसली. सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. एकटी म्हातारी बसलेली होती. तिने शेजारून जाणाऱ्या आजोबांची बाही पकडली.

"मिस्त्री," ती म्हणाली, "दार उघडं होतं?"

"हो, बाई."

"मग माझा मुलगा बाहेर का नाही आला?" तिचा आवाज चिरकला. "इतकी वर्षं मी मनाला समजावत होते. दार बंद होतं, त्याचा इलाज नव्हता. आणि आता हे म्हणतात, दार उघडं होतं आणि त्याला आई नको होती. खरं आहे का ते? तू होतास ना तिथे?"

आजोबांनी खारकडे पाहिलं. हे दार तिने उघडलं होतं. जुन्या खोट्याने आजोबांना मारलं होतं आणि नवं खोटं, तिच्याच जिवावर उभं राहिलेलं, या म्हातारीला मारत होतं. ती खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसली.

"आजी, तो येत होता," ती म्हणाली. "आजोबा, सांगा ना त्यांना!"

"येत होता," आजोबा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "सर्वांत पुढे तोच होता, बाई. पाठीला पिशवी बांधलेली होती."

"घरी यायला निघाला होता?"

"हो."

"मग मारलं कोणी?"

आजोबांनी डोळे मिटले. खारने म्हातारीचा हात दोन्ही हातांत धरला. "आपल्या लोकांनी. धुक्यात ओळखलं नाही. गोळ्या गावाकडून आल्या."

म्हातारीने हात सोडवून घेतला नाही. मग तिने गळ्यातला हार काढला आणि मांडीवर ठेवला.

माइकवरून अध्यक्ष पुकारत होते. "आमची बालवीर! आमची खार! मंचावर ये बाळ, दोन शब्द बोल!"

"जा," म्हातारी म्हणाली.

"काय बोलू, आजी?"

"मला सांगितलंस ना, तेच."

खार मंचावर चढली. अध्यक्षांनी कौतुकाने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि माइक तिच्या तोंडाशी धरला. समोर सगळं गाव हसऱ्या चेहऱ्याने पाहत होतं.

"त्यांनी मरण निवडलं नव्हतं," खार म्हणाली. "ते घरी निघाले होते. म्हणून दार उघडं होतं. गोळ्या शत्रूच्या नव्हत्या. आपल्या होत्या. आजोबा पळत नव्हते, हेच टाळायला निरोप घेऊन धावत होते."

अध्यक्षांनी माइक हिसकावून घेतला, पण बोलून झालं होतं. टाळ्यांसाठी वर गेलेले हात वरच राहिले. एवढं मोठं मैदान, पण पान हललं तरी ऐकू यावं! कोणी कोणाकडे पाहत नव्हतं. सरांनी शेपटाला खांद्यावरून खाली उतरवलं. खारला वाटलं, आता ढेकळं येणार. तिने तोंड झाकलं नाही.

पहिल्या रांगेत म्हातारी आजोबांच्या खांद्याचा आधार घेऊन उभी राहिली.

"शाबास, पोरी," ती म्हणाली.

त्या शांततेत तिचे शब्द शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेले.